पाठीवर स्त्री घेतलेला पुरुष : जपानी तलवारीच्या मुठीवरची ही कथा कोणती?

निळी शाई

माझे आजेसासरे मुंबईत कापसाच्या पेढीवर होते आणि त्या कामानिमित्त ते दोनदा जपानमधल्या कोबेला जाऊन आले होते, एवढे घरात सर्वांना ठाऊक आहे. गेल्या महिन्यात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक रिकामी करताना तपकिरीच्या जुन्या डबीत, कापसात गुंडाळलेले धातूचे दोन तुकडे सापडले. पहिला लंबवर्तुळाकार कड्यासारखा आहे. त्याची लांबी 38 मिलिमीटर, रुंदी 23 आणि उंची 11 भरते. त्याच्या एका तोंडावर तांब्याची पत्री बसवलेली असून तिच्यात पाचरीच्या आकाराची फट आहे. दुसरा तुकडा टोपणासारखा, 34 मिलिमीटर लांब, आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक भोक आहे. दोन्हींचा रंग काळा असला तरी उजेडात धरल्यावर निळसर झाक दिसते, आणि पृष्ठभागावर खसखस पसरावी तसे एकसारखे बारीक दाणे उठवलेले आहेत.

कड्यावर एक अनवाणी पुरुष पाठीवर एका स्त्रीला घेऊन चालला आहे. तिच्या वस्त्रांवर सोने चढवलेले आहे आणि चेहरा बहुधा चांदीचा असावा, कारण तो करडा पडला आहे. टोपणावर फक्त एक ड्रॅगन आहे, त्यामुळे तो दुसऱ्याच कशाचा तरी भाग असावा असे मी धरून चालले आहे. हे तुकडे जपानी तलवारीच्या मुठीचे असल्याचे एका ओळखीच्या सराफांनी सांगितले, परंतु चित्रातली कथा त्यांनाही सांगता आली नाही. ती कोणती, हे येथील जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. दरम्यान सासूबाई चिंच-मीठ घेऊन तयार आहेत, तेव्हा स्वच्छतेबद्दलही कोणी सांगावे.

टाकसाळ

आधी ती चिंच स्वयंपाकघरात परत पाठवा. हा काळा रंग मळाचा नाही, तो मुद्दाम आणलेला आहे आणि वस्तूचे निम्मे मोल त्यातच आहे. या मिश्रधातूला शाकुदो म्हणतात. तांब्यात साधारण दोन ते पाच टक्के सोने मिसळून तो तयार करतात. घडवून झाल्यावर वस्तू किसलेल्या मुळ्याच्या पाण्यात बुडवून मग रोकुशो नावाच्या ताम्रक्षाराच्या द्रावणात उकळली की पृष्ठभागावर हा कावळ्याच्या पिसासारखा निळसर काळा थर धरतो. आपल्या बिदरी कामात किल्ल्यातली माती वापरून जस्ताचा मिश्रधातू काळा करतात आणि त्यावर चांदी खुलते. येथे रसायन वेगळे असले तरी डोळ्याला पटणारा हिशोब तोच आहे. चिंचेने हा थर उतरला तर खाली उरेल ते लालसर तांबे, आणि गेलेला रंग घरी परत आणता येत नाही. कोरड्या मऊ सुती कापडाने धूळ टिपावी, बस.

कड्यासारख्या तुकड्याला फुची म्हणतात. ती मुठीच्या पात्याकडच्या टोकाला बसते आणि तांब्याच्या पत्रीतल्या फटीतून पात्याची शेपटी मुठीत जाते. टोपणासारखा भाग काशिरा, म्हणजे मुठीचे मागचे टोक. त्याच्या दोन भोकांतून मुठीवर गुंडाळलेली दोरी ओवलेली असते. फुची आणि काशिरा सहसा एकाच कारागिराने जोडीने केलेल्या असतात आणि विषयही एकच असतो, म्हणून ड्रॅगनला इतक्या लवकर परका ठरवू नये. खसखशीच्या दाण्यांना नानाको म्हणतात, म्हणजे माशाची अंडी. पोकळ तोंडाच्या पोलादी छिन्नीने एकेक दाणा ठोकून, ओळी न चुकवता हे काम करतात.

1876 मध्ये मेइजी सरकारने तलवार बाळगून बाहेर फिरण्यावर बंदी घातली आणि अशा साजाचे काम करणाऱ्या कारागिरांचा धंदा बसला. त्यानंतर सुटे केलेले साज परदेशी गिऱ्हाइकांना मोठ्या प्रमाणावर विकले गेले. कोबेचे म्हणाल तर 1893 मध्ये टाटा आणि निप्पोन युसेन काइशा ही जपानी जहाज कंपनी यांनी मिळून मुंबई ते जपान अशी जहाजसेवा सुरू केली होती आणि तिचा मुख्य माल कापूसच होता. तुमच्या आजेसासऱ्यांनी बंदरातल्या एखाद्या दुकानात हे तुकडे उचलले असतील, तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

अश्मक

पुरुषाच्या पाठीवर स्त्री म्हटले की शोधाशोध करण्याची फारशी गरज नसते. हा ओमोरी हिकोशिची. ‘ताइहेइकी’ या चौदाव्या शतकातल्या युद्धग्रंथात त्याची कथा येते. 1336 च्या मिनातोगावाच्या लढाईत तो सम्राटाविरुद्ध उठलेल्या आशिकागा घराण्याच्या बाजूने लढला, आणि त्या लढाईत कुसुनोकी मासाशिगे या सम्राटनिष्ठ सेनापतीला मरण आले. पुढे इयो प्रांतात हिकोशिची एका रात्री नाट्यप्रयोगासाठी निघाला असता वाटेत त्याला एक सुंदर तरुणी भेटली. रस्ता अवघड म्हणून त्याने तिला पाठीवर घेतले, आणि थोडे अंतर जाताच ती अक्राळविक्राळ राक्षसीण झाली. हा सगळा मासाशिगेच्या अतृप्त आत्म्याचा खेळ होता आणि त्याला हिकोशिचीजवळची तलवार हवी होती. चित्रकार आणि धातुकारागीर या प्रसंगात बहुधा ओढा दाखवतात, आणि पाण्यातल्या प्रतिबिंबात तिची शिंगे दिसतात. तलवारीच्या साजावर तलवारीसाठीच आलेले भूत कोरणे, याहून समर्पक काय असणार?

पाणंद

अश्मक यांनी दिलेला निर्णय मला घाईचा वाटतो, कारण आणखी एक उमेदवार आहे आणि तो त्यांच्या हिकोशिचीपेक्षा चार-साडेचारशे वर्षांनी जुना आहे. ‘इसे मोनोगातारी’ या जुन्या जपानी कथाग्रंथाच्या सहाव्या प्रसंगातला नायक एका उच्चकुलीन स्त्रीला रात्री पळवून नेतो. आकुता नदीच्या काठी गवतावरचे दव पाहून ती त्याला विचारते की हे काय चमकते आहे. आयुष्यभर पडद्याआड वाढलेल्या त्या स्त्रीने दव कधी पाहिलेलेच नसते. पुढे वादळात तो तिला एका ओसाड कोठारात ठेवून दाराशी पहारा देतो आणि आतला राक्षस तिला एका घासात गिळतो. (ग्रंथ लगेच खुलासाही करतो की राक्षस वगैरे काही नव्हते, तिचे भाऊ येऊन तिला घेऊन गेले.) परंपरेने हा नायक म्हणजे कवी आरिवारा नो नारिहिरा. त्याने स्त्रीला पाठीवर घेतलेले चित्र फार लोकप्रिय आहे. सोने चढवलेली वस्त्रे पाहता ही दरबारी स्त्री असण्याचा संभव मला अधिक वाटतो.

योदोकाठ

मी ओसाकात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी या वस्तू पाहत हिंडतो. फार जाणकार नाही, परंतु चुका पुष्कळ केल्या असल्याने थोडे सांगण्याचा अधिकार आहे असे समजतो.

वरच्या दोन्ही कथा बरोबर सांगितल्या आहेत, मात्र दोन्ही प्रतिसादांत कथा आधी ठरली आणि वस्तू नंतर पाहिली गेली. कारागिराला दोन बोटांच्या जागेत सगळे बसवायचे असते, म्हणून तो प्रसंग दाखवतो आणि ओळखीची खूण कुठेतरी कोपऱ्यात ठेवतो. सर्वांत जास्त फसवणारा विषय म्हणजे पाण्यात घातलेला घोडा आणि त्यावर स्वार. हातात धनुष्य आणि दूर नावेवर काठीला पंखा असेल तर तो 1185 च्या याशिमाच्या लढाईतला नासु नो योइची. स्वार दोन आणि दोघेही प्रवाहात असतील तर 1184 मधली उजी नदीवरची शर्यत. तिच्यात सासाकी ताकात्सुनाने ‘तुमच्या घोड्याचा तंग सैल झाला आहे’ असे सांगून काजिवाराला थांबवले आणि आपण पुढे निघून गेला. एक स्वार पाण्यात आणि दुसरा काठावरून पंखा हलवून त्याला माघारी बोलावतो आहे, असे असेल तर इचिनोतानीच्या किनाऱ्यावरचे कुमागाइ आणि आत्सुमोरी. एकटाच स्वार असून काठावर पसरलेला जुना देवदार दिसला तर बिवा सरोवर घोड्यावरून पार करणारा आकेची सामानोसुके, काळ 1582. आणि पोशाख चिनी असेल तर तो मुळी जपानी वीर नव्हेच, तर तानच्या ओढ्यावरून घोडा उडवणारा ‘तीन राज्ये’ या चिनी वीरकथेतला ल्यू बेइ, ज्याला जपानीत र्यूबी म्हणतात. घोडा आणि लाटा पाचांतही सारख्याच.

यावर कडी म्हणजे कधीकधी माणसे काढूनच टाकलेली असतात. या पद्धतीला रुसु-मोयो म्हणतात, म्हणजे धनी घरात नसल्याची नक्षी. नुसता खराटा, दाताळे आणि देवदाराच्या सुया दाखवल्या की ताकासागोचे वृद्ध जोडपे समजायचे. तोच खराटा कागदाच्या गुंडाळीशेजारी असेल तर मात्र कान्झान आणि जित्तोकु हे दोन विक्षिप्त साधू. मी एकदा अशाच खराट्यावरून भर दुकानात आत्मविश्वासाने ताकासागो सांगून बसलो होतो. दुकानदाराने काही न बोलता तुकडा उलटा केला आणि मागची गुंडाळी दाखवली.

तेव्हा ‘निळी शाई’ यांना विनंती आहे की सोनाराचे दहापट भिंग मिळवून चार गोष्टी पाहाव्यात. फुचीची मागची बाजू, कारण चित्र तिथपर्यंत वळलेले असते आणि तुम्ही पुढचीच सांगितली आहे. पुरुषाच्या कमरेला तलवार आहे काय. त्याचे कपडे कशाचे आहेत. आणि शिंग दिसत असल्यास ते कोणाच्या डोक्यावर आहे.

निळी शाई

भाचा सोनारकाम शिकतो आहे, त्याच्याकडून भिंग आणले आणि रविवारची दुपार त्यातच गेली. जे दिसले ते जसेच्या तसे लिहिते.

पुरुषाजवळ तलवार नाही. त्याच्या अंगावर कापड आहे असे मी समजत होते, परंतु खांद्यावर आणि कमरेभोवती जे आहे ती पानांची झालर निघाली. प्रत्येक पानाची शीर कोरलेली आहे. दाढी विरळ आणि मोकळी. डोक्यावर कपाळाच्या किंचित वर एक उंचवटा आहे. त्याला मी केसांची गाठ धरले होते, मात्र केसांच्या रेषा त्याच्या दोन्ही बाजूंनी वळून जातात, त्याच्यावर चढत नाहीत. स्त्रीच्या डोक्यावर शिंग नाही. तिच्या केसांत उंच अलंकार आहे, बाह्या लांब आहेत आणि खांद्यावरून एक पट्टा मागे उडतो आहे. तिची वस्त्रे मला किमोनोसारखी वाटत नाहीत. ती हसते आहे, घाबरलेली मुळीच नाही. पाण्याचा ओढा किंवा प्रतिबिंब कुठेही नाही.

मागच्या बाजूला एक खडक आहे आणि त्याच्या पायथ्याशी मान निमुळती असलेले एक भांडे.

श्रावणसर

मी शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो. जपानी तलवारींबद्दल मला काहीच कळत नाही आणि या धाग्यावर केवळ कुतूहलाने येत होतो. परंतु वरचे वर्णन वाचून लिहिल्यावाचून राहवत नाही. वल्कले नेसलेला, कपाळावर एकच शिंग असलेला तपस्वी आणि त्याला वनातून घेऊन निघालेली, नटलेली, हसरी स्त्री, हे तर आमच्या ऋष्यशृंगाचे वर्णन आहे.

महाभारताच्या वनपर्वात तो विभांडक ऋषींचा पुत्र हरिणीच्या पोटी जन्मतो आणि त्याच्या मस्तकावर शिंग असते, म्हणून ते नाव. त्याने पित्यावाचून दुसरा मनुष्य पाहिलेला नसतो. अंगदेशात अवर्षण पडते तेव्हा हा तपस्वी राज्यात आला तरच पाऊस पडेल असे राजाला सांगितले जाते, आणि गणिका त्याला भुलवून घेऊन येतात. तो येताच पाऊस कोसळतो आणि राजा आपली कन्या शांता त्याला देतो. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात हाच ऋष्यशृंग पुढे दशरथाची पुत्रकामेष्टी करतो. पाली जातकांतही इसिसिंग नावाने तो दोन ठिकाणी भेटतो. मात्र त्याने स्त्रीला पाठीवर घेतल्याचे आमच्या रामायण-महाभारतात नाही, आणि ड्रॅगनचा तर संबंधच नाही. त्यामुळे मी चुकत असेन तर स्पष्ट सांगावे.

अश्मक

सरांच्या विद्वत्तेबद्दल आदर ठेवून लिहितो. परदेशी वस्तूत आपल्याच घरची गोष्ट दिसणे हा जुना मोह आहे आणि तो टाळलेला बरा. ओमोरी हिकोशिचीचा दावा मी मागे घेतो, कारण तलवार नसलेला आणि पाने नेसलेला सामुराई असू शकत नाही. पण पाने नेसणारे साधुपुरुष जपानी कलेत खंडीभर आहेत. त्यांना सेन्निन म्हणतात आणि त्यांतले बहुतेक चिनी ताओ परंपरेतून आलेले आहेत. खांद्यावर बेडूक असलेला गामा, लोखंडी कुबडी घेऊन तोंडातून स्वतःचा प्राण फुंकणारा तेक्काइ, कार्प माशावर बसलेला किन्को. शिवाय ड्रॅगन हा साजावरचा सर्वांत सामान्य विषय. साज घडवणाऱ्या गोतो घराण्याने पंधराव्या शतकातल्या यूजोपासून पुढे पिढ्यान्‌पिढ्या ड्रॅगन घडवले. दोन वेगळ्या जोड्यांतले तुकडे विक्रेत्याने एकत्र केले असण्याची शक्यता अजून कोणी तपासलेली नाही.

योदोकाठ

सर, आपण चुकत नाही. अश्मक यांची शंका योग्य असली तरी या सेन्निनच्या बाबतीत तो मोह नाही, कारण येथे प्रवासाच्या पाऊलखुणा ग्रंथांत उरलेल्या आहेत. त्याचे जपानी नाव इक्काकु सेन्निन, शब्दशः एकशृंग तपस्वी.

कथा बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे गेली. नागार्जुनाच्या नावावर असलेल्या आणि कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी चिनीत आणलेल्या प्रज्ञापारमितेवरील भाष्यात ती आहे. तेथे राज्य अंगदेशाचे नसून वाराणसीचे. पावसाने निसरड्या झालेल्या डोंगरवाटेवर तपस्वी पाय घसरून पडतो आणि रागाने पाऊसच बंद करतो. त्याला भुलवणारी गणिका पैज लावते की मी त्याच्या मानेवर बसूनच नगरात परत येईन, आणि ती तसे करते. त्या गणिकेचे नाव काय असावे? शांता. आपल्याकडची राजकन्या तिकडे गणिका झाली, पण नाव तेच राहिले. जपानी नोह नाटकात तीच सेन्दा बुनिन होते.

जपानमध्ये बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ‘कोन्जाकु मोनोगातारी’ या कथासंग्रहाच्या पाचव्या खंडात, म्हणजे भारतातल्या कथांच्या विभागात, ही गोष्ट आहे. तिच्या शीर्षकातच तपस्वी स्त्रीला पाठीवर घेऊन डोंगरातून राजनगरात आल्याचे म्हटले आहे. आणि अश्मक, आपल्या ‘ताइहेइकी’तही ती येते. ड्रॅगनचा संबंध येथेच आहे. जपानी रूपात तपस्वी नुसता शाप देत नाही, तर पाऊस पाडणाऱ्या नागराजांनाच कोंडून ठेवतो. कोम्पारू झेन्पो याच्या ‘इक्काकु सेन्निन’ या नोह नाटकात स्त्री त्याला मद्य पाजते, त्याचे सामर्थ्य जाते, गुहेचा खडक फुटतो, ड्रॅगन बाहेर पडतात आणि पाऊस येतो. काबुकीतले ‘नारुकामी’ हे गाजलेले नाटकही याच बीजातून उगवले.

स्त्रीचा पोशाख किमोनोसारखा नाही, हेही जुळते. भारतातली स्त्री कशी दिसते हे एदो काळातल्या (सतरावे ते एकोणिसावे शतक) कारागिराने पाहिलेले नव्हते, म्हणून परदेशी म्हणजे चिनी अशा हिशोबाने तो तिला उंच केशभूषा आणि उडता पट्टा देऊन मोकळा होत असे.

एक गोष्ट मात्र मला खुणावते आहे. मागच्या बाजूचे भांडे मद्याचे असेल तर ते नोह नाटकाशी जुळेल. पण ‘कोन्जाकु’मध्ये नागराज गुहेत नव्हे, तर पाण्याच्या कलशात कोंडलेले आहेत. निमुळत्या मानेचे भांडे दोन्हीकडे चालते.

पाणंद

नारिहिरा मागे घेतला, हे वेगळे सांगायला नकोच. दव शोधत बसले होते, पाऊस निघाला!

टाकसाळ

कथा ठरली असे मलाही वाटते, परंतु जोडीचा प्रश्न कथेने सुटत नाही, धातूने सुटतो. नानाकोचे दाणे भिंगाखाली पाच मिलिमीटरच्या अंतरात मोजावेत. एका हाताने आणि एका छिन्नीने केलेले काम असेल तर फुची आणि काशिरा यांवरची संख्या जवळपास सारखी येते. शाकुदोची झाक एकाच उजेडात शेजारी ठेवून पाहावी, कारण सोन्याचे प्रमाण बदलले की काळा रंगही बदलतो.

सही असल्यास ती फुचीच्या तांब्याच्या पत्रीवर, फटीच्या शेजारी असते. असलीच तर तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नये. हिकोनेच्या सोतेनच्या नावाने केलेल्या कामांत खुद्द सोतेनची किती आणि नकला किती, हा संग्राहकांचा रोजचा विनोद आहे. मानवी प्रसंग कोरण्यात नारा आणि हामानो परंपरेतल्या कारागिरांचा हात बसलेला होता, पण छायाचित्राशिवाय कोणाचे नाव घेणे मी टाळतो.

आणखी एक. शिंगाचा उंचवटा झिजलेला आहे की मुळातच बोथट आहे, हेही पाहा. फुची हाताच्या पकडीच्या पुढेच असते, त्यामुळे वर आलेले भाग अंगठ्याने घासले जातात.

निळी शाई

मोजले. पाच मिलिमीटरमध्ये फुचीवर तेरा दाणे आणि काशिरावरही तेरा. भाच्याने दोनदा मोजून खात्री केली, कारण पहिल्यांदा त्याला चौदा आले होते. झाक खिडकीशी धरून पाहिली, तिच्यात मला तरी फरक दिसत नाही. तांब्याच्या पत्रीवर अक्षरे नाहीत, फक्त कडेला ठोकून फट लहान केल्याचे व्रण आहेत.

काशिरावरचा ड्रॅगन नीट पाहिला. त्याची शेपटी आणि एक मागचा पाय दिसतच नाहीत, त्या जागी खडकाची फुटकी कड आहे आणि तिच्यावरच्या भेगा बाहेरच्या बाजूला पसरल्या आहेत. मी इतके दिवस त्याला ढग समजत होते.

शिंग बोथट नाही, रिकामे आहे. टोकाला सुईच्या अग्राएवढा खळगा असून त्याच्या आतल्या भिंतीला सोन्याचा एक कण अजून चिकटलेला आहे. वर सोन्याचे टोक बसवलेले असावे आणि ते कधीतरी पडले असावे, असे भाच्याचे मत आहे. डबीतला कापूस पुन्हा उलगडून पाहिला, त्यात काही सापडले नाही.

भांड्याबद्दल योदोकाठ यांना सांगायचे आहे. त्याचे बूच काढलेले आहे आणि ते शेजारी जमिनीवर आडवे पडले आहे. मद्य पिऊन झाल्यावर कोणी ते तसे टाकेल, आणि आतले नागराज सुटल्यावरही ते तसेच पडेल. सासूबाईंना मी दोन्ही अर्थ सांगितले. त्यांच्या मते कलशच असणार, कारण मद्याच्या भांड्याशेजारी पेला नको का?

योदोकाठ

पेला शोधायला हवा होता, ते माझ्या लक्षात आले नाही. खडकाच्या मागे, फुचीच्या अरुंद वळणावर, दाण्यांच्या ओळी कुठे तुटतात काय ते एकदा पाहाल का?

निळी शाई

पाहिले. ओळी कुठेही तुटत नाहीत. पेला नाही.